थंड झाल्यावर मोजा

परवा माधापूरच्या एका चकचकीत दवाखान्यात दाताच्या डॉक्टरपुढे आ करून पडलो होतो. डॉक्टर म्हणजे पुण्याचा मुलगा, वयानं माझ्या पुतण्याएवढा. त्यानं छोट्या आरशातून माझी मागची दाढ पाहिली, पुन्हा पाहिली आणि विचारलं, "काका, हे फिलिंग कुणी केलंय? बरंच जुनं दिसतंय, पण जागचं हललेलं नाही." तोंडात नळी असल्यामुळे मला 'ऊं' एवढंच म्हणता आलं.

आणि मला हसू फुटलं. कारण ज्यांनी ते फिलिंग केलं, त्यांच्यापुढेही मला कधी 'ऊं'च्या पलीकडे बोलता आलं नव्हतं. डॉ. उज्ज्वला बिलोलीकर यांचा दवाखाना नारायणगुड्यात, चष्म्याच्या एका दुकानाच्या वर होता. आता त्या बीदरला असतात, तिथल्या कॉलेजात शिकवतात, आणि दवाखान्याच्या जागी कुणीतरी केस गळतीवर उपचार करतं. पण त्या काळी पेशंटच्या तोंडात कापसाचे बोळे कोंबून झाले की उज्ज्वलाताई बोलायला सुरुवात करत. दातांबद्दल नव्हे. मोटोक्रॉसबद्दल.

मोटोक्रॉस म्हणजे मातीच्या उंचसखल ट्रॅकवर मोटारसायकली उडवत, आपटत, चिखलात लोळत लावायची शर्यत. पंचेचाळिशी गाठलेली ही बाई त्यात स्वतः गाडी चालवायची. आमच्या क्लबात त्यांचं नाव वेगवेगळ्या तोंडी वेगवेगळं होतं. तेलुगू मंडळींच्या 'डॉक्टर अम्मा', रिझवान आणि त्याच्या टोळीच्या 'आपा', आणि आम्हा दोन-चार मराठी माणसांच्या उज्ज्वलाताई. मी आबिड्सच्या एका बँकेत नोकरी करायचो आणि रविवारी क्लबच्या शर्यतींची कॉमेंटरी. मराठी, हिंदी, तेलुगू अशा तिन्ही भाषांत मी सारखाच चुकतो, त्यामुळे कुणाची तक्रार नसे.

पहिल्या भेटीतच त्यांनी मला खुर्चीत झोपवून नियम समजावला. "दिलीपराव, मी काय सांगायले, नीट ऐका. टू-स्ट्रोकचा पिस्टन वर आला की दर खेपेला भडका. फोर-स्ट्रोकचा मात्र एक खेप सोडून. म्हणजे कसं? दोन बाया पोळ्या करायल्यात. एक दर वेळी पोळी भाजते. दुसरी एकदा पोळी भाजते, एकदा तवा पुसते. मग दुसरीला दुप्पट मोठा तवा दिला, तर त्यात पहिलीवर उपकार झाले का?"

मी 'ऊं' म्हणालो.

"तेच म्हणायले मी. म्हणून जगभर सव्वाशे सीसीच्या टू-स्ट्रोकला अडीचशेच्या फोर-स्ट्रोकबरोबर पळवतात. हिशोब सरळ आहे. पण आपल्या क्लबातल्या पोट्ट्यांना वाटतं, दर खेपेला भडका म्हणजे बाईला सवलत दिलीय." असं म्हणून त्यांनी ड्रिल सुरू केलं. मला एकदम क्लबातली सगळी पोट्टी चुकीची वाटू लागली.

त्यांची गाडी एका पुणेकर रायडरकडून घेतलेली, जुनी, परदेशी सव्वाशे टू-स्ट्रोक. क्लबातल्या बाकीच्यांनी केव्हाच फोर-स्ट्रोक घेतल्या होत्या. त्या धूर करत नाहीत, सांभाळायला सोप्या. उज्ज्वलाताईंची गाडी सुरू झाली की निळा धूर आणि एक विचित्र गोडसर वास. तो एरंडेलाचा. पेट्रोलात मिसळायला त्या एरंडेल तेलच पसंत करत, त्याच्याइतका चिकटपणा बाजारातल्या कुठल्याही डब्यात नाही असं त्यांचं मत. बेगम बाजारच्या एका तेलवाल्याकडून त्या मोठा डबाच उचलत. एकदा मी बरोबर होतो. तेलवाल्यानं डबा पुढे सरकवला आणि न राहवून विचारलं, "अम्मा, बुरा नक्को मानो, घर में किस का पेट इत्ता खराब रहता?"

"गाडी का," उज्ज्वलाताई म्हणाल्या आणि डबा उचलून चालू लागल्या. तेलवाला माझ्याकडे पाहत राहिला. मी कशाला खुलासा करतोय!

अशी ही बाई. लग्नाबद्दल विचारणाऱ्याला त्या शांतपणे 'आ करा' म्हणत. तेल दवाखान्यातल्या औषधाच्या मापानं मोजत आणि इंजिनाच्या नळीत कुठे काजळी धरलीय ते दात पाहायच्या आरशानं बघत. (तो आरसा वेगळा ठेवलेला असे, असं त्या सांगत. मी विश्वास ठेवला.) "धूर दिसतो म्हणून पाप आमचं," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते त्या गाडीबद्दल म्हणत की स्वतःबद्दल, हे मी कधी विचारलं नाही.

आता मुद्द्याचं. उज्ज्वलाताई जिंकायच्या. नेहमी नाही, पण जिंकायच्या. आणि जिंकल्या की ट्रॅकच्या कडेला कुजबुज सुरू व्हायची. त्यात आबिड्सच्या मागे टायरचं दुकान असलेला रिझवान सगळ्यात पुढे, कारण दुसरा नंबर बहुतेक त्याचाच असे. "उनो इंजन बड़ा करा लिए, मियाँ," तो म्हणायचा. "नै तो लेडीस ऐसा भगाते क्या?" म्हणजे सिलिंडर आतून कोरून, सव्वाशेचं इंजिन गुपचूप मोठं करून घेतलंय. हा आरोप तोंडावर कुणी करत नसे. करायचा तर लेखी तक्रार द्यायची, मग समोरच्याचं इंजिन सगळ्यांदेखत उघडून मोजायचं, असा क्लबचा रिवाज होता. आणि मोजून काही निघालं नाही तर तक्रार करणाऱ्याची शोभा. म्हणून नुसती कुजबुज.

ती पहिल्यांदा कानावर आली त्या दिवशी उज्ज्वलाताई हेल्मेट काखेत धरून, तोंडाला लाल माती, वेणी अर्धी सुटलेली, थेट सत्तय्यांकडे गेल्या. सत्तय्या म्हणजे आमचे मापाचे पंच. रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, गरीब स्वभावाचे, भांडणाला घाबरणारे गृहस्थ.

"सत्तय्यागारू, तक्रार लिहून घ्या."

"किस पे, मॅडम?"

"मेरे पे."

सत्तय्यांनी चष्मा पुसला. "अला लेदु, मॅडम. खुद पे खुद कंप्लेंट? ऐसा रूलमें नै है."

"नै करना, ऐसा भी कहाँ लिखे हैं?" असं म्हणून त्यांनी पिशवीतून दवाखान्यातली पांढरी चादर काढली आणि भर मातीत अंथरली. गाडी शेजारी आणली, पाने काढले आणि स्वतःच नट सोडवायला बसल्या. टू-स्ट्रोकचं एक बरं असतं, आत फार काही नसतं. थोड्या वेळात सिलिंडर चादरीवर आला. सत्तय्यांनी मापलं, वही काढून गुणाकार केला आणि घोषणा केली, सव्वाशेच्या आत. रिझवान टायरची हवा तपासण्यात गुंतला होता.

त्या दिवसापासून ती चादर म्हणजे आमच्या शर्यतीचा एक भागच झाली. उज्ज्वलाताई जिंकल्या की कुणी काही म्हणायच्या आत चादर पडायची. त्यांच्या आई बिलोलीच्या शेतकरी घरातल्या, स्वच्छतेच्या भोक्त्या. त्या मला एकदा म्हणाल्या, "जिंकून आली की चादर काळी, हरून आली की पांढरी. मला बाई हरलेलीच बरी वाटायलीय." पण चादर त्या स्वतः धुवायच्या, कामवालीकडे देत नसत.

मी एकदा उज्ज्वलाताईंना म्हटलं, "कशाला एवढं? कप मिळाला ना?" त्या वेळी माझ्या तोंडात काही नव्हतं, म्हणून विचारू शकलो. त्या एकदम चिडल्या. "कप कुणाला पाहिजे? मी कॉलेजात पहिली आले तेव्हा म्हणाले, पाठांतर केलं. दवाखाना चालायला लागला तेव्हा म्हणाले, वडिलांच्या ओळखी. एकदा तरी कुणीतरी मला मोजून बघा ना! मोजा आणि मग तोंड बंद करा. मला कप नको दिलीपराव, मला माप पाहिजे." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं असं लिहिलं तर त्यांना आवडणार नाही, पण होतं.

मग तो प्रमुख पाहुण्यांचा रविवार आला. सत्तय्या मुलीच्या लग्नासाठी वरंगळला गेले होते आणि त्यांच्या जागी अध्यक्षांनी एका नव्या इंजिनिअरला बसवलं होतं. उज्ज्वलाताई जिंकल्या. चादर पडली. पाहुण्यांना विमान गाठायचं होतं, अध्यक्ष घड्याळ बघत होते, म्हणून या इंजिनिअरानं सिलिंडर निघाल्या निघाल्या, हाताला चटके बसत असताना, फडक्यात धरून मापला. आणि उभा राहून म्हणाला, "ओव्हर." केसभर जास्त, पण सव्वाशेच्या वर. रिझवानच्या टोळीनं शिट्ट्या मारल्या. मला मनापासून वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

उज्ज्वलाताई मात्र ओरडल्या नाहीत. त्यांनी त्याच्या हातातून सिलिंडर घेतला, चादरीच्या मधोमध ठेवला आणि शेजारी मांडी घालून बसल्या. "थंड झाल्यावर मोजा," त्या म्हणाल्या.

"मॅडम, गेस्टला जायचंय," अध्यक्ष म्हणाले.

"जाऊ द्या. धातू तापला की फुगतो. आमच्या बिलोलीच्या लोहाराला विचारा, बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव तापवूनच चढवतात. थंड असताना चढतच नाही. हे तुमच्या इंजिनिअरला ठाऊक नसेल असं नाही, घाई तुम्हाला झालीय."

कुणीतरी उत्साहानं पाण्याचा मग आणला. तशा त्या एवढ्या जोरात ओरडल्या की आणणारा दोन पावलं मागे सरला. "तडकवायचाय का तो? स्वतःहून थंड होईल. बसा."

अध्यक्षांना बसायला वेळ नव्हता. त्यांनी पहिला कप रिझवानला देऊन टाकला, फोटो काढले आणि पाहुण्यांची गाडी धूळ उडवत गेली. उज्ज्वलाताई चादरीवरच. आम्ही काही लोक थांबलो, चहा आला, सूर्य खडकांच्या मागे कलला. अधूनमधून त्या हाताची मागची बाजू सिलिंडरला लावून पाहायच्या आणि मान हलवायच्या. शेवटी त्यांनी इंजिनिअरला बोलावलं. बिचाऱ्यानं मापलं, पुन्हा मापलं आणि खाली मान घालून म्हणाला, "विदिन लिमिट. सॉरी, मॅडम."

पहिला नंबर कागदावर त्यांना परत मिळाला. कप रिझवानच्या दुकानात, टायरांच्या वरच्या फळीवर राहिला. त्यानं तो कधी आणून दिला नाही आणि यांनी कधी मागितला नाही.

पण अध्यक्षांना ते लागलं. पाहुण्यांदेखत दिलेला निकाल एका बाईनं चादरीवर बसून फिरवला, हे त्यांच्या पचनी पडेना. काही महिन्यांनी आबिड्सच्या एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये क्लबाची बैठक झाली. त्यात प्रस्ताव आला: अडीचशे फोर-स्ट्रोकच्या वर्गात टू-स्ट्रोकची मर्यादा सव्वाशेवरून शंभरवर आणावी, शंभरच्या वरच्या टू-स्ट्रोकनी साडेचारशे सीसीच्या मोठ्या वर्गात पळावं. ऐकायला नियम सगळ्यांसाठी होता. पण क्लबात शंभरच्या वरची टू-स्ट्रोक एकच होती आणि तिची मालकीण समोर बसून बिस्किट चहात बुडवत होती.

उज्ज्वलाताई उठल्या. "हे कुठल्या हिशोबानं? सव्वाशे आणि साडेचारशे? एका बाईच्या हातात फुलक्याचा तवा आणि दुसरीकडे हलवायाची कढई?"

"सेफ्टी के लिए है, डॉक्टर अम्मा," अध्यक्ष म्हणाले.

"कुणाच्या सेफ्टीसाठी? माझ्या, की यांच्या इज्जतीच्या?"

लोक हसले, पण मतदानात हात वर गेले. रिझवानचाही गेला. मी क्लबाचा सभासद नव्हतो, नुसता बोलका पोपट, त्यामुळे माझा हात मोजला गेला नसता. उज्ज्वलाताईंनी वर गेलेल्या प्रत्येक हाताकडे नीट पाहून घेतलं आणि उरलेला चहा संपवला. "ठीक," त्या म्हणाल्या. "नियम आहे ना? मोठ्या वर्गात माझं नाव लिहा."

"अम्मा, उधर बहुत पावर है," रिझवान हळूच म्हणाला. "नक्को करो."

"तेरा हात अब्बी ऊपर था ना? अब नीचे रख."

गंमत अशी की दुसऱ्या दिवशी सकाळी रिझवानची उज्ज्वलाताईंकडेच रूट कॅनालची वेळ ठरलेली होती. दाढ इतकी सुजली होती की टाळणंही शक्य नव्हतं. तो खुर्चीत बसला तेव्हा त्यानं खुर्चीचे दोन्ही दांडे घट्ट धरले होते, असं त्यानंच मला नंतर सांगितलं. उज्ज्वलाताईंनी सुई भरली आणि म्हणाल्या, "डर नक्को. झगड़ा ट्रॅक पे. यहाँ तू पेशंट है." त्याला कळसुद्धा आली नाही. काम झाल्यावर गालावर हात ठेवून तो उठला, काहीतरी बोलायला गेला, पण तोंड बधिर होतं. 'ऊं' एवढंच म्हणून गेला.

यानंतरच्या शर्यतीत मी उज्ज्वलाताईंना ट्रॅकवर शेवटचं पाहिलं. त्या वर्षी खांद्याचं दुखणं वाढलं होतं आणि ही शेवटची, हे त्यांनी आईला आणि मला सांगितलं होतं. घटकेसरच्या पुढचा तो खडकाळ ट्रॅक. सकाळी अडीचशेचा वर्ग झाला. उज्ज्वलाताई नसल्यामुळे रिझवान आरामात पहिला आला. कुणी कुजबुजलं नाही. कुजबुजायला काही उरलं नव्हतं.

दुपारी मोठा वर्ग. साडेचारशेच्या गाड्या सुरू झाल्या की छातीत धडधडतं, माईक हातात असूनही मला माझा आवाज ऐकू येत नव्हता. त्या रांगेच्या टोकाला सव्वाशे, बारीक, किरकिरी, निळा धूर सोडत. रांगेसमोरचं फाटक पडलं आणि त्या सगळ्यांच्या मागे राहिल्या. सरळ रस्त्यावर मोठ्या गाड्या त्यांना कस्पटासारखं मागे टाकून गेल्या. पण वळणांवर त्या आत घुसायच्या. चढावर गमावलेलं उतारावर परत घ्यायच्या. एका उडीवर मागचं चाक असं वाकडं पडलं की मी तिन्ही भाषांतले शब्द विसरलो आणि माईकवर नुसतं "अगं बाई!" म्हणालो. त्या पडल्या नाहीत. रेष ओलांडली तेव्हा त्यांचा नंबर सातवा होता आणि त्यांच्या मागे चार साडेचारशे होत्या.

मी तो निकाल जितक्या जोरात सांगता येईल तितक्या जोरात सांगितला. अध्यक्षांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. मग बक्षिसांच्या टेबलावर निळं कापड पडलं, कप मांडले गेले.

आणि ट्रॅकच्या दुसऱ्या टोकाला पांढरी चादर पडली.

सत्तय्या लगबगीनं तिकडे गेले. मीही गेलो. "मॅडम, सेवेंथ आए आप," ते कळवळून म्हणाले. "कोई कंप्लेंट नै. खोलना नै पड़ता."

"है कंप्लेंट. मेरी, मेरे पे," उज्ज्वलाताई म्हणाल्या. त्यांचा डावा खांदा वर उचलला जात नव्हता, त्या एका हातानं नट सोडवत होत्या. "लिखो, बड़े क्लास में छोटा इंजन लाई. कितना छोटा, नाप के बोलो."

सत्तय्या खाली बसले, त्यांच्या हातातला पाना घेतला आणि उरलेले नट स्वतः सोडवले. सिलिंडर चादरीवर आला. त्यातून वाफेसारखी हवा थरथरत होती आणि एरंडेलाचा वास सुटला होता. सत्तय्यांनी मापाचं अवजार काढलं आणि पुन्हा खिशात ठेवलं. "आगंडी," ते जमलेल्यांना म्हणाले. "रुको. गरम है."

मी माझ्या जागी परत आलो, कारण अध्यक्ष हातवारे करत होते. "बुलाओ जी सब को," ते म्हणाले. मी माईक घेतला आणि अडीचशेच्या वर्गाचा विजेता म्हणून रिझवानचं नाव पुकारलं. टेबलासमोरच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मी पुन्हा पुकारलं. साडेचारशेच्या विजेत्याला पुकारलं. कुणी येईना. सगळा ट्रॅक पलीकडे त्या चादरीभोवती गोल करून मातीत बसला होता. हेल्मेटं मांडीवर, बुटांना चिखल, चहाचे पेले हातात, आणि मधोमध एक टीचभर सिलिंडर.

"रिझवान!" अध्यक्षांनी माझा माईक ओढून घेतला. "अरे, कप ले के जा!"

गोलातून रिझवान अर्धवट उठला. त्याच्या एका गालावर अजून थोडी सूज होती. "ठहरो साब," तो तिथूनच ओरडला. "अब्बी ठंडा नै हुआ."

उज्ज्वलाताईंनी ना त्याच्याकडे पाहिलं, ना आमच्या टेबलाकडे. ताप आलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तशी हाताची मागची बाजू त्यांनी सिलिंडरला लावली, क्षणभर ठेवली आणि मान हलवली. रिझवान पुन्हा खाली बसला.